इंजिन बसलेली डिझेल गाडी भंगारात द्यायची आहे? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

जुनी डिझेल गाडी, गेलेलं इंजिन आणि दारात येऊन थांबलेला भंगारवाला, या तिघांच्या मध्ये सापडलेला माणूस जे विचारतो ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीपुरती आहेत. टॅक्सी, टेम्पो, स्कूल व्हॅन यांचे नियम वेगळे, त्यात इथे शिरत नाही.

मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं. म्हणजे नेमकं काय गेलं?

भंगारवाल्याला फोन लावण्याआधी हाच प्रश्न मेकॅनिकला विचारा. 'इंजिन गेलं' या दोन शब्दांत चार-पाच निरनिराळे आजार बसतात आणि प्रत्येकाचं बिल वेगळं असतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त गाड्या मे महिन्यात बसतात. बाहेर पारा चव्वेचाळीसला, गाडीत पाच माणसं, एसी फुल, कूलंटच्या जागी नळाचं पाणी, आणि तुळजापूर किंवा विजापूर रस्त्यावर काटा कधी लाल पट्ट्यात गेला ते कुणी पाहिलेलं नसतं. अशा वेळी बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, जातं. ऑइल-पाणी एक होतं, डिपस्टिक काढली की ऑइल दुधाळ दिसतं, कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग येतो. हेड काढून लेथवर फेसिंग करून, नवं गॅस्केट टाकून अशी गाडी पुष्कळदा उठते. फक्त एवढ्यावरून ती भंगारात देऊ नका.

टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटली तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. खर्च मोठा, पण बहुतेकदा वरच्या अर्ध्या इंजिनापुरता. पावसात पुलाखालच्या पाण्यात गाडी घातली आणि पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं, तर पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही. त्यात डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त. इंजेक्टर नीट फवारा न मारता धार मारत राहिला तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

खरी वाईट बातमी म्हणजे बेअरिंग. ऑइल कमी पडलं किंवा ऑइल पंपाने दाब सोडला, की आधी खालून टकटक येते, मग क्रँक जाम होतो, आणि नशीब फारच फिरलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. ब्लॉकला खिडकी पडलेलं इंजिन बांधण्यात अर्थ नाही.

कसं ओळखायचं? मेकॅनिकला खालचं चेंबर तुमच्यासमोर खोलायला सांगा. ऑइल ट्रेमध्ये काढलं की दोन बोटांत घेऊन घासून बघा. उन्हात धरल्यावर बोटावर चमचम करणारी बारीक भुकटी दिसली, तर ते बेअरिंगचं धातू आहे. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का ते पाहू द्या. एवढं न करता नुसत्या आवाजावरून 'भंगारात टाका' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्यातून तोच 'मी घेतो की गाडी' म्हणत असेल, तर दुसऱ्या गॅरेजवाल्याला जरूर दाखवा.

दुरुस्त करू की काढून टाकू, हिशोब कसा घालायचा?

तीन आकडे कागदावर मांडा: दुरुस्तीचं लेखी एस्टिमेट, तशीच गाडी चालू स्थितीत सोलापूरच्या बाजारात कितीला जाते तो भाव, आणि आहे त्या स्थितीत मिळणारी रक्कम. एस्टिमेट चालू भावाच्या निम्म्यापुढे गेलं की मी दुरुस्तीच्या बाजूने बोलत नाही. इंजिन खोलल्यावर आकडा क्वचितच तेवढा राहतो. 'साहेब, टर्बोचा प्ले वाढलाय', 'इंजेक्टर पण करून घ्या', 'क्लच काढलाच आहे तर…' असं करत तो चढत जातो.

गाडीचं वयही बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याची केंद्राने एप्रिल २०२२ पासून लावलेली चारचाकीची फी वीस वर्षांपर्यंतच्या गाडीला ५,००० रुपये, त्यावर राज्याचा पर्यावरण कर, आरटीओत तपासणी. चौदाव्या वर्षी इंजिन बांधायला पैसे घालणाऱ्याने पुढच्या वर्षीचा हा खर्चही एस्टिमेटमध्येच धरावा.

जुनं इंजिन आणून बसवलं तर?

काही गाड्यांत हा पर्याय खरोखर चांगला आहे. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसलं, त्यामुळे त्याचं सुटं इंजिन मिळतं. मारुतीने तर एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आल्यावर डिझेल गाड्याच बंद केल्या, म्हणून चांगल्या अवस्थेतल्या बीएस-४ इंजिनाला गिऱ्हाईक आहे.

पण इंजिन नंबर तुमच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, असतो. इंजिन बदललं की तो आरटीओत बदलून घ्यावा लागतो आणि त्याला इंजिन कुठून घेतलं त्याचं बिल लागतं. 'बिल नाही, पण माल एक नंबर' असं इंजिन चोरीच्या गाडीचंही असू शकतं. ते घेऊ नका.

दहा वर्षांवरची डिझेल गाडी आता चालतच नाही ना? मग देऊनच टाकतो.

ती भानगड दिल्ली आणि भोवतालच्या एनसीआर भागाची. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला दिलेला दुजोरा तिथल्यापुरता आहे. सोलापुरात नोंदणी वैध असेल आणि पीयूसी मिळत असेल तर दहा वर्षांची डिझेल गाडी चालते. ही भीती घालून भाव पाडणारे पुष्कळ भेटतील.

गाडी द्यायची ठरली. कुणाकुणाला देता येते?

पहिला मार्ग, चालत नसलेली गाडी गाडी म्हणूनच विकणं. गॅरेजवाले आणि जुन्या गाड्यांचे व्यापारी अशा गाड्या घेतात, इंजिन टाकतात आणि विकतात. बॉडी, टायर, आतली बैठक चांगली असेल आणि गाडीचं वय दहाच्या आत असेल, तर इथे भंगारापेक्षा नक्की जास्त मिळतं. यात रीतसर नावावर करून देणं आलं: मालकी बदलाचे अर्ज नमुना २९ आणि ३०, ओळखपत्रं, विमा, पीयूसी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होऊ नका.

दुसरा मार्ग, नोंदणीकृत वाहन भंगार केंद्र. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. इथे गाडी दिली की तुम्हाला ठेव प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे 'सीओडी' म्हणतात, आणि गाडीची नोंदणी रद्द होते.

तिसरा, गल्लीतला भंगारवाला. भाव रोख, टेम्पो तासाभरात दारात. आणि तुमचं नाव आरसीवर तसंच.

भंगारवाला पाच हजार जास्त देतोय आणि म्हणतो, 'कागदाचं टेन्शन घेऊ नका मालक, आपण बघतो.' काय हरकत आहे?

हरकत इतकी आहे की या उत्तराला थोडा वेळ द्या.

लोखंड जातं, नंबर राहतो. सरकारच्या नोंदीत ती गाडी जिवंत असते आणि मालक तुम्ही असता. त्या कागदांना बाजार आहे: चोरीच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या गाडीवर तुमचा चॅसिस नंबर ठोकला की ती 'कागदवाली' गाडी होते. मग चलनं तुमच्या मोबाईलवर येतात, ते परवडलं. अपघात झाला तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच भरपाईच्या दाव्यात मालक. मोटार अपघात न्यायाधिकरणात तुम्ही 'मी तर भंगारात दिली होती' म्हणाल, आणि हातात असेल व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेली पावती.

कलम ५५ वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगतो: गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची असते. शिवाय एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे पर्यावरण नियम लागू आहेत. त्यानुसार अशी गाडी १८० दिवसांच्या आत नोंदणीकृत केंद्रात किंवा अधिकृत संकलन ठिकाणी जमा करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

पाच हजारांसाठी एवढं डोक्यावर घेऊ नये.

भाव ठरतो कसा?

वजनावर. तुमच्या आरसीवर अनलेडन वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, छापलेलं असतं, तिथून सुरुवात करा. समजा गाडी १,०५० किलोची आहे आणि समोरचा किलोला २८ रुपये म्हणतोय, तर २९,४०० रुपये झाले. पण काच, सीट, टायर, प्लास्टिक हे लोखंड नव्हे, म्हणून काही जण वजनातून टक्केवारी कापतात. आधीच विचारा: कापणार आहात का, किती, आणि काटा कुणाचा? अक्कलकोट रोडच्या किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीकडच्या कोणत्याही वजनकाट्यावर आधी टेम्पो रिकामा आणि मग गाडीसकट तोलला की वाद राहत नाही. लोखंडाचा दर आठवड्यागणिक हलतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणचा भाव एकाच दिवशी घ्या.

पण गाडी नुसतं लोखंड नाही. पाच ठिकाणी विचारून सगळे सारखाच भाव सांगतात, त्यामागे कारण असतं: मोलाच्या वस्तूंचं नाव कुणी काढत नाही. गिअरबॉक्स, एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक), स्टेअरिंग रॅक, दरवाजे आणि हेडलाइट हे इंजिनाबरोबर मरत नाहीत. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या गाडीत, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर चांगले असतील तर त्यांना वेगळं गिऱ्हाईक असतं. अॅलॉय व्हील अॅल्युमिनियमची. बॅटरीतलं शिसं वेगळ्या दराने जातं. सगळ्यात गुपचूप जाणारी वस्तू म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. 'सायलेन्सरची नळी' म्हणून तो लोखंडात तोलला जात असेल तर एकदा बोटाने दाखवून 'याचं काय?' एवढंच विचारा. भाव बदलतो.

२०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झालं तेव्हा नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य मिळेल असा अंदाज सरकारने मांडला होता. तो अंदाज होता, हमी नव्हे.

मग आधी पार्ट काढून विकू आणि उरलेली गाडी भंगारात देऊ का?

म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, कॅरिअर, बाहेरून बसवलेलं सामान खुशाल काढा. गिअरबॉक्स, दरवाजे, चाकं काढलेला सांगाडा मात्र केंद्र नाकारू शकतं किंवा भाव बराच पाडतं. इंजिन आणि चॅसिसला हात लावू नका, कारण तिथले नंबर जुळल्याशिवाय प्रमाणपत्राचं काम पुढे सरकत नाही. ज्याला वेळ, जागा आणि ओळखीचा मेकॅनिक आहे त्यालाच सुटे पार्ट विकणं परवडतं. बाकीच्यांचं अंगण महिनोन् महिने तेलकट राहतं आणि घरचे बोलतात ते वेगळंच.

भंगार केंद्रात देण्याची पद्धत काय?

परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर केंद्रांची राज्यवार यादी असते आणि अर्जही तिथूनच होतो. सोलापुरातून जवळचं केंद्र बघून फोनवर तीन गोष्टी ठरवा: भाव, वजनाची पद्धत, आणि उचलून नेण्याचा खर्च कुणाचा. बरीच केंद्रं स्वतः गाडी न्यायला येतात, पण तो खर्च भावातून वजा होतो का ते आधी विचारलेलं बरं.

केंद्र गाडीची नोंद पडताळतं: चोरीची आहे का, पोलिसांच्या नोंदीत आहे का, कर्जाचा बोजा आहे का, कर किंवा चलन थकलंय का. त्यात अडकली तर तिथेच थांबते. म्हणून हे सगळं आधी मोकळं करून ठेवा.

कागद म्हणाल तर मूळ आरसी, आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि मालकाची सही. आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत तक्रार आणि दुय्यम प्रत, हे विजापूर रोडवरच्या आरटीओत. गाडी एमएच ४५ ची असेल तर अकलूजला.

बँकेचं कर्ज कधीच फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे.

ते काढल्याशिवाय पुढे काहीच होत नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घ्या आणि बोजा उतरवा. जुनी फायनान्स कंपनी दुसरीत विलीन झाली असेल तर नव्या कंपनीकडून पत्र मिळवायला वेळ लागतो, तेव्हा पहिलं काम हेच धरा.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत.

आधी वारसाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी नमुना ३१, मृत्यू प्रमाणपत्र, वारसाचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती लागते. 'भंगारातच तर द्यायची आहे, नावाचं काय' असं वाटतं खरं; पण सही करायला कायद्याने कुणीतरी मालक लागतोच. भावंडांची संमती गाडी असतानाच घ्या, पैसे आल्यावर नाही.

इंडीचा एक जण चांगला भाव देतोय. कर्नाटकात दिली तर चालेल?

गाडी म्हणून विकत असाल तर चालेल, पण राज्य बदलतं म्हणून आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी), म्हणजे नमुना २८ लागतो. आणि एनओसी दिली म्हणजे नाव बदललं असं नाही. समोरच्याने तिकडे नोंद करून घेतली का, याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. बंद पडलेल्या गाडीसाठी सीमेपलीकडचा माणूस अव्वाच्या सव्वा भाव देत असेल, तर त्याला गाडी हवी आहे की कागद, हा विचार करा.

विम्यातून इंजिनाचे पैसे मिळतील का?

झिजून, ऑइल संपून किंवा तापून गेलेल्या इंजिनाचे नाहीत. यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. पाणी शिरून गेलं असेल आणि 'इंजिन प्रोटेक्ट' हे जोडसंरक्षण घेतलेलं असेल तर दावा करा, आणि भंगाराचा विषय दावा निकाली निघेपर्यंत बाजूला ठेवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बघितली तर कंपनी त्याच मुद्द्यावर अडते.

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र तुमचा असतो, गाडीचा नव्हे. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. कंपनीकडून राखीव पत्र घ्या, ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या विम्यात चालतं. ही रक्कम कधी कधी भंगारातल्या अॅलॉय व्हीलपेक्षा जास्त भरते, आणि लोक ती सोडून देतात.

बंद गाडी ओढून न्यायची तर दोरी बांधून चालेल?

शक्यतो नको. इंजिन बंद असलं की ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही आणि पॉवर स्टेअरिंग दगड होतं. सात रस्त्यावरच्या गर्दीत पुढची गाडी अचानक थांबली की मागचा माणूस पेडलवर उभा राहिला तरी ब्रेक वेळेवर लागत नाही. सपाट बॉडीचा टोइंग ट्रक मागवा. इंजिन जाम असेल तर गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, नाहीतर चाकं फिरणार नाहीत.

गाडी देण्याआधी काय काढून घ्यायचं?

फास्टॅग आधी बंद करा; शिल्लक आणि अनामत खात्यात परत येते. नुसता काचेवरून खरवडून काढला तर खातं चालूच राहतं. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखालची जागा, स्टेपनीचा खड्डा तपासा. म्युझिक सिस्टिममध्ये फोन जोडलेला असेल तर त्यातले नंबर पुसा. गाडी टेम्पोवर चढल्यावर चारही बाजूंनी, नंबर दिसेल असे, आणि चॅसिस नंबरचे फोटो काढा. जुनं इंजिन ऑइल घरी काढलं असेल तर गटारात ओतू नका, गाडीबरोबर डब्यात द्या.

पैसे कसे घ्यावेत? कर लागतो का?

बँक खात्यातच घ्या. रक्कम छोटी असली तरी तोच तुमचा पुरावा. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशांवर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते. पण चादरीचा कारखाना, दवाखाना किंवा दुकानाच्या हिशोबात गाडी दाखवून दरवर्षी घसारा घेतला असेल, तर ही रक्कम त्या हिशोबात यावी लागते. सीएला गाडी देण्याआधी सांगा.

नव्या गाडीवर सवलत मिळते म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, पण फक्त ठेव प्रमाणपत्र असलेल्यांना. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि मोटार वाहन करात सूट मिळते. केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीसाठी ही सूट २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्ष टक्का राज्य ठरवतं, म्हणून बुकिंगच्या दिवशी आरटीओत विचारा. गल्लीतल्या भंगारवाल्याचे ते जास्तीचे पाच हजार आणि ही सूट शेजारी शेजारी मांडून बघा. प्रमाणपत्रावर वैधतेची तारीख असते, ती उलटू देऊ नका.

गाडी दिली, पैसे आले. आता संपलं ना?

अजून एक काम. ठेव प्रमाणपत्र हातात आल्यावर काही दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतःचा गाडी नंबर टाकून स्थिती बघा. नोंदणी रद्द झालेली दिसली की स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि विमा कंपनीला कळवा. अजून 'अॅक्टिव्ह' दिसत असेल तर आधी केंद्राला फोन करा, तिथून टोलवाटोलवी झाली तर प्रमाणपत्राची प्रत घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घेऊनच बाहेर पडा.